आभासी वर्ग : कोणाला, किती आणि कशासाठी?

नागपूर जिल्ह्यातील वडधामना या गावात जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते एका अंगणवाडीचे उद्घाटन झाले. जिल्हा परिषदेच्या ‘मिशन बाल भरारी’ उपक्रमातील ही अंगणवाडी ‘देशातील पहिली एआय अंगणवाडी’ म्हणून गाजली. स्मार्ट बोर्ड आणि टॅबबरोबर तिथे व्हीआर हेडसेटही आणले गेले. हा हेडसेट डोळ्यांवर चढवला की समोरची भिंत नाहीशी होते आणि मूल जंगलात, समुद्राच्या तळाशी किंवा अंतराळात पोहोचते.

अशी बातमी वाचली की इतर जिल्ह्यांतल्या पालकांच्या मनात साहजिकच येते, हे आपल्या गावात कधी? परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावातही हा प्रश्न आज ना उद्या ग्रामसभेत निघेल. सरकारी शाळेतल्या मुलांना नवे तंत्रज्ञान मिळावे ही अपेक्षा रास्तच आहे. पण ‘कधी’ विचारण्याआधी आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. कोणाला, किती आणि कशासाठी? औषध लिहून देताना डॉक्टर नेमके हेच पाहतो. रुग्णाचे वय काय, मात्रा किती, आजार कोणता आणि औषधाचे दुष्परिणाम काय? आभासी जगातल्या शिक्षणालाही हीच कसोटी लावली, तर बरेचसे चित्र स्वच्छ होते.

हेडसेटच्या आत काय घडते?

माणसाचे दोन डोळे एकमेकांपासून साधारण सहा सेंटिमीटर अंतरावर असतात. त्यामुळे समोरच्या वस्तूचे चित्र प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे दिसते. मेंदू ही दोन चित्रे जुळवतो आणि आपल्याला खोली जाणवते. हेडसेट हीच युक्ती वापरतो. तो दोन्ही डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवतो आणि मान वळली की चित्रही त्याच बेताने वळवतो. मेंदूला वाटते, आपण खरेच तिथे आहोत.

यात शरीराच्या दोन यंत्रणांची ओढाताण होते. पहिली डोळ्यांत. वही वाचताना डोळे नाकाच्या दिशेने थोडे वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातले भिंग फुगून नजर स्थिरावते. या दोन क्रिया जन्मभर जोडीने चालतात. हेडसेटमध्ये मात्र पडदा एकाच ठरावीक अंतरावर असल्यासारखा दिसतो. आभासी फुलपाखरू नाकाजवळ आले की डोळे आत वळतात, पण भिंगाला होते तिथेच थांबावे लागते. ही जोडी फार वेळ तुटली की डोळे ताणतात, कपाळ दुखते आणि अंधूक दिसू लागते.

दुसरी ओढाताण डोळे आणि कान यांच्यात होते. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर हलते आहे की स्थिर आहे, याची खबर त्या मेंदूला देतात. हेडसेटमधल्या पाळण्यात बसलेल्या मुलाचे डोळे म्हणतात ‘मी वेगाने जातो आहे’, तर कान म्हणतो ‘मी खुर्चीत बसलो आहे’. घाटात एसटीमध्ये मोबाइल पाहताना मळमळते त्याचे कारणही अशीच विसंगती. फक्त तिथे कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना कळत नाही.

ऑस्ट्रेलियातील बाँड विद्यापीठाचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५९ जणांना कवटीची रचना तीन प्रकारे शिकवली. काहींना व्हीआर हेडसेटमधून, काहींना खऱ्या दृश्यावर आभासी चित्र उमटवून आणि काहींना साध्या टॅबवर. तिन्ही गटांच्या परीक्षेतल्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. डोकेदुखी, गरगरणे आणि अंधूक दिसणे या तक्रारी मात्र हेडसेटच्या गटात जास्त होत्या. असे त्रास बहुधा थोड्या वेळाने आपोआप थांबतात. पण हा अभ्यास मोठ्यांवरचा होता, हे लक्षात ठेवायला हवे.

वय आणि मात्रा

अंगणवाडीतल्या मुलाचे डोळे म्हणजे मोठ्या माणसाच्या डोळ्यांची लहान आवृत्ती नव्हे. पाच वर्षांच्या मुलाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर साधारण ५० मिलिमीटर असते, तर प्रौढांचे सरासरी ६३ च्या आसपास. बहुतेक हेडसेटची भिंगे प्रौढांच्या मापाने बसवलेली असतात. शिवाय दोन डोळ्यांची चित्रे जुळवण्याचे मेंदूचे कसब पहिल्या सात-आठ वर्षांतच पक्के होते.

हे बनवणाऱ्या कंपन्यांनाही ठाऊक आहे. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटसाठी आधी १३ वर्षांची अट होती. २०२३ मध्ये ती १० वर आणली गेली, तीही पालकांच्या नियंत्रणाखालच्या खात्याच्या अटीवर. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरसाठी १२ वर्षांची मर्यादा सांगितली जाते. विकणाराच दहा-बारा वर्षांखाली नको म्हणत असेल, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अशी खरेदी करताना बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांचे मत आधी घेणे हा शहाणपणा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितके चांगले. घरातला मोबाइल आणि टीव्हीच या तासाच्या कित्येक पट वेळ खात असेल, तर अंगणवाडीने त्यात भर घालायचे कारण नाही.

दुसरी बाजू मैदानाची. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ उघड्यावर खेळायला नेले गेले. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचे अंधूक दिसण्याचा दोष, म्हणजे मायनस नंबर, लागला होता. नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे डोळ्यांसाठी सर्वांत स्वस्त उपाय शाळेच्या दाराबाहेरच आहे. आभासी जंगलाचा तास मैदानाच्या तासातून कापला जात असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे.

याचा अर्थ हेडसेट म्हणजे विष, असा मुळीच नाही. आळशी डोळा, म्हणजे एका डोळ्याकडून येणारे चित्र मेंदूने नाकारणे, या दोषावर एक उपचार व्हीआर हेडसेटमधूनच दिला जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि ती चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी. मूल हेडसेटमध्ये आवडीचा कार्यक्रम पाहते. कमकुवत डोळ्याला जास्त काम मिळेल अशा रीतीने दोन्ही डोळ्यांची चित्रे बदललेली असतात. दिवसाला एक तास, आठवड्यातून सहा दिवस, बारा आठवडे असे त्याचे वेळापत्रक आहे. त्याच वयाच्या मुलाला, तशाच यंत्रातून फायदा होतो, कारण दोष तपासलेला असतो, मात्रा ठरलेली असते आणि डॉक्टरचे लक्ष असते.

शाळेत हेडसेट आलाच, तर त्याआधी मुलांचे डोळे तपासून घेण्याची सोय सरकारी यंत्रणेत आधीपासून आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. तिरळेपणा, चष्म्याचा नंबर, फिट येण्याचा इतिहास यांची नोंद शिक्षकांच्या हाती असली, तर कोणत्या मुलाला हेडसेट द्यायचा नाही हे आधीच कळेल. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना फिट येऊ शकते, हे विसरून चालणार नाही. उलट ‘मला खोल दिसत नाही’ किंवा ‘दोन-दोन दिसते’ असे एखादे मूल म्हणाले, तर ती तक्रार झटकून न टाकता त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. तो लपलेल्या दोषाचा पहिला इशारा असू शकतो.

स्वच्छतेचेही तसेच. एकच हेडसेट तीस मुलांच्या चेहऱ्यावरून फिरतो. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यात डोळे येण्याची साथ किती झपाट्याने पसरली, हे पालक विसरलेले नाहीत. प्रत्येक मुलानंतर हेडसेटची गादी पुसणे आणि साथीच्या दिवसांत तो कपाटात ठेवणे, एवढे तरी पाळावे लागेल.

शिकणे खरेच होते का?

मुलांना मजा येते, यात शंका नाही. पण मजा आली म्हणजे समजले, असे होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील जोसेलिन पॅराँग आणि रिचर्ड मेयर या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना हेडसेट लावून रक्तवाहिनीतून आणि पेशीतून सफर घडवली. बाकीच्यांना तोच मजकूर संगणकावर साध्या स्लाइडमधून दाखवला. हेडसेटवाल्यांना अनुभव जास्त आवडला, पण परीक्षेत साध्या स्लाइड पाहणाऱ्यांनी जास्त गुण मिळवले. डोळ्यांसमोर एवढे काही घडत होते की विचार करायला उसंतच मिळाली नाही.

या प्रयोगाचा दुसरा भाग शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. सफर तुकड्यांत विभागली आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबून विद्यार्थ्यांना पाहिलेले आपल्या शब्दांत लिहायला सांगितले, तेव्हा सलग सफर करणाऱ्यांपेक्षा त्यांची समज वाढलेली दिसली आणि गोडीही कमी झाली नाही. थोडक्यात, शिकणे घडले ते हेडसेट काढून लिहिण्याच्या त्या काही मिनिटांत.

आता याच्या उलट उदाहरण. अमेरिकेतील येल विद्यापीठात १६ निवासी शल्यचिकित्सकांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव आभासी यंत्रावर केला, बाकीच्यांनी नेहमीच्या पद्धतीने शिक्षण घेतले. मग सर्वांनी खऱ्या रुग्णाचे पित्ताशय यकृतापासून सोडवले. आभासी सराव केलेल्यांनी हे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती.

विशेष म्हणजे या सरावयंत्राला हेडसेट नव्हताच. साध्या पडद्यावर गोळे आणि ठोकळे दिसायचे. खरी होती ती हातातल्या अवजारांची पकड आणि हालचाल. तासही मोजले नव्हते. अनुभवी सर्जनच्या तोडीची सफाई येईपर्यंत सराव, हाच नियम होता.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आभासी जग किती हुबेहूब आहे, याला फारसे महत्त्व नाही. शिकणारा तिथे काय करतो, त्याची चूक त्याला कळते का आणि कोणी थांबवून विचारते का, यावर सारे अवलंबून आहे. ज्या आभासी जगात विद्यार्थी नुसता प्रेक्षक असतो, ते महागडा सिनेमा होऊन बसते.

परभणीतील गरज

मराठवाड्यासाठी हा प्रश्न अंगणवाडीपेक्षा वैद्यकीय शिक्षणात जास्त निकडीचा आहे. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये १०० जागांनी सुरू झाले. पाठोपाठ ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात आणखी दहा शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांतली जालना आणि हिंगोली ही दोन परभणीच्या अगदी शेजारची. या दहा महाविद्यालयांत मिळून ९०० जागा आहेत. ज्या भागातला विद्यार्थी डॉक्टर व्हायला मुंबई-पुण्याकडे पाहायचा, तिथे ही मोठी गोष्ट आहे. पण नव्या महाविद्यालयाला इमारत लवकर मिळते, अनुभवी अध्यापक आणि देहदानातून मिळणारे मृतदेह जमायला वर्षे जातात.

जुनी रीत अशी होती की एकदा पाहायचे, एकदा करायचे आणि मग शिकवायचे. यातले ‘एकदा करायचे’ हे कोणाच्या तरी शरीरावर व्हायचे. ते शरीर बहुधा सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाचे असायचे. वालूर, सेलू, जिंतूर भागातून रात्री-अपरात्री जिल्हा ठिकाणी आणलेल्या बाळंतिणीला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव सुरू झाला, तर काही मिनिटांत निर्णय घ्यावे लागतात. तिच्यासमोर उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरने हा प्रसंग त्याआधी वीस वेळा सरावात हाताळलेला असणे, हा तिचा हक्क आहे. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळेवर भर आहे, तो याचसाठी. पुतळ्यावर सलाइन लावणे, छाती दाबून हृदय चालू ठेवणे, बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालणे हे रुग्णाच्या अंगाला हात लावण्याआधी शिकायचे आहे.

इथे आभासी जग खरोखर उपयोगी पडते. दुर्मीळ आजार, मोठा अपघात, विषबाधा, सर्पदंशानंतर थांबणारा श्वास हे प्रसंग शिकणाऱ्याच्या सोयीने घडत नाहीत. आभासी कक्षात ते हवे तितक्या वेळा घडवता येतात आणि चुकले तरी कोणाचा जीव जात नाही. शरीररचना शिकवणाऱ्या आभासी टेबलावर एकच अवयव शंभरदा उघडून पुन्हा जोडता येतो. पण मज्जातंतू आणि रक्तवाहिनी यांतला बोटांना जाणवणारा फरक पडदा देत नाही. दोन माणसांच्या शरीरांत किती वेगळेपण असते, हेही खऱ्या शवविच्छेदनातच उमगते. त्यामुळे आभासी टेबल आले म्हणून देहदानाची चळवळ मागे पडू देणे परवडणारे नाही.

आणि घाबरलेल्या नातेवाइकाशी, त्याच्याच बोलीत, चार शब्द धीराने बोलायला शिकायचे असेल, तर वॉर्डात ज्येष्ठ डॉक्टरांच्या मागे उभे राहण्याला अजून तरी पर्याय नाही.

वालूरची बारव

शाळेच्या पातळीवर ‘कशासाठी’ याचे उत्तर वालूरमध्ये पायाखालीच आहे. या गावातली चक्राकार पायऱ्यांची बारव प्रसिद्ध आहे. पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. गाळ आणि कचऱ्याने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी काही वर्षांपूर्वी श्रमदानातून मोकळी केली. भूजलाची पातळी, वर्तुळाचा परीघ, दगडाची जोडणी, गावाचा इतिहास आणि साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या, एवढे विषय एका बारवेत आहेत. शिक्षकांनी मुलांना सुरक्षित अंतरावर नेऊन पायऱ्या मोजायला लावल्या, उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी लिहून ठेवायला लावली, तर कोणत्याही हेडसेटपेक्षा ते शिक्षण पक्के होईल.

हीच बारव आभासी रूपात गडचिरोलीच्या किंवा मुंबईच्या मुलाला दाखवली, तर ती त्याच्यासाठी मोलाची ठरेल. वालूरमधल्या चालता न येणाऱ्या मुलालाही तिचा तळ दाखवता येईल. आणि वालूरच्या सातवी-आठवीतल्या मुलांना धडधडणारे हृदय आतून, ज्वालामुखी किंवा चंद्राचा पृष्ठभाग आभासी जगात जरूर दाखवावा. नियम सोपा आहे. जे समोर आहे, ते हाताने शिकवावे. जे दूर, अदृश्य, धोक्याचे किंवा दुर्मीळ आहे, त्यासाठी आभासी जग वापरावे.

त्यासाठी दरवेळी हेडसेटच हवा, असेही नाही. अमृता विश्वविद्यापीठ आणि सी-डॅक मुंबई यांनी तयार केलेल्या ‘ओलॅब्स’ या आभासी प्रयोगशाळेत माध्यमिक वर्गांचे विज्ञानाचे प्रयोग साध्या संगणकावर करता येतात आणि त्या मराठीतही आहेत. प्रयोगशाळेत साहित्य नाही म्हणून प्रयोग फळ्यावरच उरकला जातो, अशा शाळेला याचा उपयोग मोठा आहे. ‘असर’ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. यंत्र बऱ्याच घरांत पोहोचले आहे. ते अभ्यासाकडे वळवणारा माणूस आणि मराठीतला चांगला मजकूर, याची टंचाई आहे.

खरेदीआधी

तंत्रज्ञानाचे आयुष्य छोटे असते, हेही हिशेबात धरावे. गुगलची ‘एक्स्पिडिशन्स’ ही शाळांसाठीची आभासी सहल जगभर गाजली होती. जून २०२१ मध्ये कंपनीने ती बंद केली. केवळ तिच्यासाठी साहित्य घेतलेल्या शाळांना मग दुसरी वाट शोधावी लागली. म्हणून निधी मंजूर करताना हेडसेटची संख्या शेवटी ठरवावी. आधी ठरावे की कोणत्या इयत्तेचा कोणता धडा त्यातून शिकवायचा आहे, मजकूर मराठीत आहे का, शिक्षकाचे प्रशिक्षण कोण करणार, बिघाड झाला तर दुरुस्ती कुठे होणार आणि वीज गेली तर तास कसा चालणार.

वर्गातली मात्राही सांभाळता येण्यासारखी आहे. सहा वर्षांखाली शिक्षणासाठी हेडसेट नको. पुढेही कंपनीने दिलेली वयाची अट पाळावी. मोठ्या मुलांना एका वेळी पाच-दहा मिनिटे, तीही बसून. मळमळ किंवा डोकेदुखी झाली की लगेच थांबायचे. हेडसेट उतरवल्यावर मुलाला थोडा वेळ लांबवर पाहू द्यावे आणि मग शिक्षकाने विचारावे, ‘काय पाहिलेस, ते तुझ्या शब्दांत सांग.’ या प्रश्नाला उत्तर मिळाले, तर औषध लागू पडले असे समजावे. मिळाले नाही, तर मात्रा वाढवून उपयोग नाही, शिकवण्याची पद्धत बदलावी लागेल.